वर्षाचा संकल्प आणि घरचा हिशोब

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



ज्या मुलामुलींचा आज येथे सत्कार झाला त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या आईबापांचे त्याहून अधिक. गुणपत्रिकेवर मुलाचे नाव छापलेले असते, परंतु त्या गुणांसाठी घरात कोणी काय सोडले हे कोठेही छापलेले नसते. आज आम्ही त्या न छापलेल्या गोष्टीविषयीच बोलणार आहोत. विषय साधा आहे. घर साधेपणाने व काटकसरीने कसे चालवावे आणि त्याच घरातील प्रत्येक माणसाने वर्षाला स्वतःपुरते एक ध्येय कसे गाठावे. आम्ही काही अर्थशास्त्राचे पंडित नव्हेत. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेले शिक्षक आहोत. तेव्हा जे अंगावरून गेले तेच सांगू.

आरंभीच एक शंका दूर करतो. आपल्या समाजाला साधेपणाचा उपदेश करावा काय, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. ज्यांच्या वाडवडिलांना साधे राहण्याची सक्तीच होती, त्यांना पुन्हा साधेपणा कशाला शिकवता? बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिगत दिली आहे. तेथे एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्या बांधवांना जेवण घातले आणि ताटात तूप वाढले. तेवढ्यासाठी गावच्या सवर्णांनी लाठ्या घेऊन त्या पंगतीवर हल्ला केला. स्वतःच्या पैशाचे तूप खाण्यालाही जेथे बंदी, तेथल्या कोरड्या भाकरीला कोणी साधी राहणी म्हणत असेल तर ती थट्टा आहे.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महिलांशी बोलले. स्वच्छ राहा, नीटनेटके लुगडे नेसा, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते गळ्याहातातले ओझे टाकून द्या, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. म्हणजे बाबासाहेबांचा साधेपणा फाटके नेसून राहण्याचा नव्हता. तो स्वाभिमानाने राहण्याचा होता. स्वतः ते उत्तम सूट वापरीत आणि पुस्तकांसाठी त्यांनी राजगृहासारखे घर बांधले. लादलेला साधेपणा ही गुलामी होय. आपण होऊन, काही मिळवण्यासाठी पत्करलेला साधेपणा ही शक्ती होय. आम्ही या दुसऱ्या साधेपणाविषयी बोलतो आहोत.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या कामगारांत आपल्या डोंगरपट्ट्यातली माणसे किती होती, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. वर्षभर वाट पाहून वडील वळकटी घेऊन गावी परतले. आम्ही नुकतेच शिक्षक म्हणून लागलो होतो. घर आमच्या पगारावर आले.

१९८६ साली धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. ‘गिरणी बंद पडली म्हणून लग्न बारीक केले’ असे कोणी म्हणू नये, ही वडिलांची इच्छा. आम्हांलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. बस्ता, मानपान, दोन गावांच्या पंगती, वाजंत्री. पतसंस्थेचे कर्ज आधीच घराच्या पत्र्यांसाठी काढलेले होते. म्हणून तीस गुंठे जिराईत जमीन गहाण टाकून एका खाजगी सावकाराकडून अठरा हजार रुपये घेतले. व्याज शेकडा तीन, दरमहा. विद्यार्थी मित्रहो, तोंडी हिशोब करा. महिन्याला ५४० रुपये, वर्षाला ६,४८०. मुद्दल फेडायला हातात कधी एकरकमी पैसा येईना. नऊ वर्षे नुसते व्याज भरले. त्या व्याजाचे झाले ५८,३२० रुपये, आणि शेवटी मुद्दल अठरा हजार वेगळेच. दोन दिवसांच्या लग्नाची किंमत आम्ही नऊ वर्षे मोजली. त्या पंगतीत काय वाढले होते, हे आज एकालाही आठवत नाही.

१९९५ साली जमीन सुटली. त्या आषाढ पौर्णिमेला आम्ही उभयता, आईवडील आणि तिन्ही मुले असे एकत्र बसलो. वर्षावास सुरू होण्याचा तो दिवस. भिक्षू पावसाचे तीन महिने एका जागी राहून अभ्यास करतात, मग गृहस्थाने निदान एक संध्याकाळ बसून आपल्या वर्षाचा विचार का करू नये, असा आमच्या सहचारिणीचा प्रश्न होता. एक शंभरपानी वही आणली. पानावर तीन रकाने आखले. पहिला ‘सोडायचे’, दुसरा ‘साठवायचे’ आणि तिसरा ‘साधायचे’. प्रत्येकाने तिन्ही रकान्यांत स्वतःसाठी एकेकच ओळ लिहायची. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी लिहायचे नाही, हा नियम.

त्या पहिल्या पानाची थोडी हकिगत सांगतो. आमची सहचारिणी सातवी शिकलेली. तिने तिसऱ्या रकान्यात लिहिले, ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी पास होणे.’ पहिल्या खेपेला गणितात राहिली. दुसऱ्या वर्षी तीच ओळ पुन्हा लिहिली आणि पास झाली. वडिलांनी पहिल्या रकान्यात लिहिले, ‘विडी सोडणे.’ ही ओळ त्यांनी पुढे चार वर्षे लागोपाठ लिहिली. विडी काही सुटली नाही, पण दोन बंडलांची एक बंडल झाली. आम्ही स्वतः सोडला तो बाजारपेठेतला रोजचा चहा-भजी. सोडल्यावर कळले की चहाच्या निमित्ताने आपण जितका पैसा घालवत होतो त्याहून अधिक वेळ घालवत होतो. त्या वेळात बी.ए. पुरे केले.

ही पद्धत आम्ही काही नवीन शोधून काढली असे नाही. ती फार जुनी आहे. तथागतांनी गृहस्थांसाठी पैशाचा विचार किती बारकाईने सांगितला आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. अंगुत्तर निकायात व्यग्घपज्ज सुत्त आहे. कोलियांच्या दीघजाणु नावाच्या गृहस्थाने भगवंतांना सरळ सांगितले की आम्ही संसारी माणसे आहोत, मुलाबाळांत राहतो, चंदन लावतो, फुले माळतो, सोनेनाणे हाताळतो. आमच्या उपयोगाचे काही सांगा. भगवंतांनी त्याला संसार सोड असे सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने व कौशल्याने मिळवावे. मिळवलेले सांभाळावे. चांगल्या माणसांची संगत धरावी. आणि चौथी समजीविता, म्हणजे आवक व खर्च जाणून समतोल जगणे. तराजू धरणारा जसा पारडे किती खाली व किती वर हे ओळखतो, तसे गृहस्थाने आपल्या घरचे पारडे ओळखावे.

याच सुत्तात दोन दृष्टांत आहेत, ते आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटतील. ज्याची आवक थोडी आणि राहणी मोठी, तो उंबर खाणाऱ्यासारखा. ओढ्याकाठचा उंबर आपण सर्वांनी पाहिला आहे. चार उंबरे खायची म्हणून सगळी फांदी हलवायची, चार तोंडात जातात आणि शंभर मातीत. परंतु भगवंत तेथेच थांबले नाहीत. ज्याची आवक भरपूर असून जो दरिद्र्यासारखा राहतो, त्यालाही त्यांनी दोष दिला. असा माणूस मरेलही दरिद्र्यासारखाच, असे लोक म्हणतील. म्हणजे उधळपट्टी ही जशी चूक, तशी कंजूषी हीसुद्धा चूकच. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात आणि पाणी वाहून जाण्याच्या वाटा बुजवाव्यात, असेही तेथे सांगितले आहे. या वाहून जाण्याच्या वाटांत दारू आहे, जुगार आहे आणि वाईट संगत आहे. अडीच हजार वर्षांत त्या वाटा बदललेल्या नाहीत. जुगार तेवढा आता मोबाइलमध्ये येऊन बसला आहे.

सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीची वाटणीच करून दिली आहे. चार भाग करावेत. एकातून खावे-प्यावे, दोन कामधंद्याला लावावेत आणि चौथा संकटकाळासाठी ठेवावा. आजच्या पगारदाराला किंवा शेतमजुराला हे प्रमाण जसेच्या तसे जमेल असे आम्ही म्हणत नाही. अर्धी मिळकत धंद्यात घालण्याइतका धंदा आपल्याकडे कोठे आहे? परंतु आपला धंदा म्हणजे मुलांचे शिक्षण, असे समजून पाहा. मग तो हिशोब आपल्या घरालाही लागू पडतो.

काटकसरीचा सर्वांत गोड धडा मात्र विनयपिटकातील आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला नवल वाटले. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे अंथरुणावरचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवर अंथरायला. ते विरले की पायपुसणी, मग धूळ झटकायचे फडके, आणि अखेर त्याच्या चिंध्या चिखलात कालवून लिंपायच्या. राजा प्रसन्न झाला. आम्ही ही गोष्ट आमच्या आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “यात त्यांनी नवीन काय केलं? लुगड्याची वाकळ, वाकळीचं पोतेरं, हे आमचंच हाय.” आम्हांला आमच्या अक्षरओळख नसलेल्या आईत त्या दिवशी आनंद स्थविर दिसले.

मंडळी, ही परंपरा आपल्या दोन तालुक्यांच्या दगडांवरही कोरलेली आहे. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. ती काही एकट्या राजाने खोदून दिलेली नाहीत. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत त्या धंद्यातील लोकांची सोसायटी. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणीकडे संघासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या आहेत. आपल्याकडे पाऊस चार महिने. ज्यांनी त्या पोढ्या खोदल्या त्यांनी चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांना कसे पुरवायचे याचा विचार करून त्या खोदल्या. आम्ही मुलांची सहल लेण्याद्रीला नेत असू तेव्हा प्रथम पोढी दाखवीत असू आणि मग चैत्यगृह.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर बचतीचा पाठच आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. त्यातील दोन हजारांवर शेकडा एक असे दरमहा व्याज. म्हणजे वर्षाचे २४० झाले. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, २४०. हिशोब एका कवडीने चुकलेला नाही. आणि अट अशी की मुद्दल मोडायचे नाही, खर्च व्याजातूनच करायचा. ज्यांच्या भूमीवर असा हिशोब दगडात कोरलेला आहे, त्यांनी नऊ वर्षे सावकाराला व्याज भरत राहावे, याची आम्हांला आमचीच लाज वाटते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ध्येय आणि काटकसर यांची सांगड कशी घालावी याचे त्यांच्याइतके लख्ख उदाहरण दुसरे नाही. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्यासाठी चार वर्षांची मुभा दिली होती. म्हणजे ध्येय होते आणि त्याला तारीखही होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम. पण ते राहिले परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत. घरखर्चाला बेताची रक्कम, बाकी लंडनसाठी शिल्लक. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज घेऊन. तेथेही अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. ज्याने स्वतःचा रुपया असा मोजला, त्यानेच देशाचा रुपया मोजून दाखवला.

बाबासाहेबांनी कर्ज घेतले, हेही लक्षात घ्या. कर्ज वाईटच असे नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि मानपानासाठी काढलेले कर्ज, दोहोंचा कागद एकसारखा दिसतो, पण एक फळते आणि दुसरे पोखरते.

परंतु ही गोष्ट सांगताना आपण अनेकदा अर्धीच सांगतो. त्या दोन खोल्यांत राहून बेताच्या पैशांत घर चालवणाऱ्या रमाबाई होत्या. पाच लेकरांतील चार लेकरे त्या मातेने गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांचे ध्येय हे त्यांचेही ध्येय होते, म्हणून त्यांनी ते पेलले. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण नतमस्तक होऊन थांबू नये. आपल्या घरातील काटकसर नेमकी कोणाच्या ताटातून होते, हे घरी जाऊन पाहावे. हे आम्ही का म्हणतो, त्याला कारण आहे.

२००२ साल. थोरल्या मुलीला पुण्याला शिकायला ठेवायचे होते. वसतिगृह, मेस, फी. वहीत आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘यंदा एक रुपयाही जादा खर्च नाही.’ सर्वांनी मान डोलावली. दिवाळीत कपडे नाहीत, आम्ही खूश. शिल्लक वाढत होती, आम्ही अधिक खूश. माघात एके दिवशी आईचा हात चुलीवर भाजला. तवा कोठे आहे हेच तिला नीट दिसले नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. कित्येक महिने ती चाचपडत वावरत होती आणि आम्हां शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. आम्ही रागावून म्हणालो, “आये, दिसत नाय तर बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तूच लिव्हलं ना रं वहीत, यंदा खर्च नाय म्हणून.”

मंडळी, त्या दिवशी आमची वही आमच्या तोंडावर कोणीतरी मारल्यासारखी झाली. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे मोफत शिबिरात झाले. खर्च आला तो जाण्यायेण्याच्या भाड्याचा. ज्या काटकसरीचा आम्हांला अभिमान वाटत होता, ती एका म्हातारीच्या डोळ्यांतून वसूल होत होती. भगवंतांनी दरिद्र्यासारखे राहणाऱ्याला दोष का दिला, याचा अर्थ आम्हांला सुत्त वाचून कळला नव्हता, तो भाजलेल्या हाताने कळला.

तेव्हापासून घरात तीन नियम झाले. पहिला, दवाखाना, औषध, मुलांची वह्यापुस्तके आणि पोटभर जेवण यांवर काटकसर लागू नाही. दुसरा, वही उघडली की प्रथम घरातील सर्वांत वडील बाईला विचारायचे, ‘तुला काय हवे आहे?’ आणि ‘काही नको’ हे उत्तर धरायचे नाही. तिसरा, दर पौर्णिमेला वही पाहायची, वर्षाअखेरीपर्यंत थांबायचे नाही. पुढच्या वर्षी आईने तिसऱ्या रकान्यात काय लिहायला सांगितले असेल? ‘दीक्षाभूमी पाहणे.’ आम्ही आठ वर्षे घरातील सर्वांची ध्येये लिहीत होतो, पण तिला असे काही वाटत असेल हे कोणी विचारलेच नव्हते. ती पहिल्या पानापासून दर वर्षी ‘पोरांचं भलं व्हावं’ एवढेच सांगत आली होती आणि आम्ही तेच ध्येय समजून लिहून मोकळे होत होतो. त्या वर्षी इतर खर्च आखडून आम्ही तिला नागपूरला नेऊन आणले. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनी तिने दीक्षाभूमी पाहिली. आमच्या वहीतला सर्वांत चांगला खर्च तो.

आता थोडे आजच्या काळाविषयी. सावकार अजून आहेच, पण त्याच्या जोडीला नवे मार्ग आले आहेत. मोबाइलवर बोट दाबले की कर्ज. फोन हप्त्यावर, गाडी हप्त्यावर, लग्नातला हॉलही हप्त्यावर. हळदीला डीजे, वरातीला डीजे, दारात माणसाएवढा फलक. आपल्या भागात साखरपुड्यातच लग्न उरकण्याची चांगली चाल आहे. धम्मपद्धतीचा विवाह तर मुळातच साधा आहे. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, वधूवरांची प्रतिज्ञा, झाला विवाह. ज्या विधीला तासभर पुरतो त्याच्याभोवती आपण पाच वर्षांचे कर्ज का गुंडाळतो? रोज वीस रुपयांची पुडी खाणाऱ्याचे वर्षाला ७,३०० रुपये जातात, शिवाय तोंड जाते ते वेगळे. तेवढेच पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले तर पाच वर्षांत व्याज सोडून ३६,५०० होतात. एका मुलाचा पदविकेचा मार्ग त्यात मोकळा होतो.

आमच्या भगिनींनी या बाबतीत पुरुषांच्या पुढे मजल मारली आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला चैतन्य संस्थेने १९९०च्या दशकात बचत गटांचे काम उभे केले आणि ते आसपासच्या गावांतही रुजले. महिन्याला थोडे थोडे टाकणाऱ्या बायांनी सावकाराची पायरी चढणे थांबवले. त्यांच्या गटाची वही आणि जुन्नरच्या लेण्यांतील श्रेणीचा लेख, दोन्ही आम्हांला एकाच कुळातले वाटतात.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. वर्षाचे ध्येय लिहिताना ‘खूप अभ्यास करीन’ असे लिहू नका. ते ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. ‘जानेवारीपर्यंत गणिताची दहा वर्षांची पेपरसंच सोडवीन’ हे ध्येय. ‘जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करीन’ हे ध्येय. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीच्या व स्वाधार योजनेच्या अर्जाची तारीख, हे सर्व वहीत लिहून ठेवा. आपली कित्येक हुशार मुले गुणांअभावी मागे राहिली नाहीत, एका कागदाअभावी राहिली. आणि ध्येय एकच धरा. पाच धरली की एकही होत नाही, हे आमचे शिक्षक म्हणून मत आहे. वर्ष संपले आणि ध्येय अपुरे राहिले तर लाजू नका. आमच्या सहचारिणीप्रमाणे तीच ओळ पुन्हा लिहा.

आणि पैसे वाचवायचे म्हणून आईबापांच्या ताटातली भाजी कमी होत असेल तर डोळे उघडे ठेवा. तुमच्यासाठी कोण काय सोडते आहे हे माहीत असणे, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

संस्थेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपण जो शिक्षण निधी जमवतो, तो दरवर्षी सत्काराच्या शाली-नारळात व हारात संपू नये. उषवदाताची अट आपण घालून घेऊ. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून दरवर्षी निदान एका मुलीची फी भरायची. रक्कम लहान असली तरी चालेल. आमच्याकडून या निधीला ६,४८० रुपये आज देत आहोत. हा आकडा कोठून आला हे आपल्या ध्यानात आले असेलच. एका वर्षाचे ते व्याज आम्ही सावकाराला देत होतो. ते या वर्षापासून हयात असेतोवर संस्थेला देण्याचा आमचा संकल्प आहे. यंदाच्या वहीत दुसऱ्या रकान्यात तो लिहून आलो आहोत.

 आपल्या सर्वांच्या घरी वही येवो, आणि ती उघडताना प्रथम आईला विचारले जावो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत.